मेलेली नायिका : एका जपानी चित्रमालिकेच्या निमित्ताने

साहित्यशास्त्राच्या तासाला सरांनी रसांचे मित्र आणि शत्रू फळ्यावर लिहून दिले, तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या मला हसू आवरेना. शृंगाराचे आणि बीभत्साचे हाडवैर, असे सर सांगत होते. जिथे प्रीती तिथे किळस येता कामा नये. आली की रसभंग झालाच म्हणून समजा. सरांनी हसण्याचे कारण विचारले. मी उभी राहून सांगितले, "सर, मी सध्या एक मालिका पाहते आहे. तिच्यातल्या नायकाचे जिच्यावर प्रेम आहे ती मेलेली आहे, आणि ती कुजू नये याची त्याला रोज काळजी घ्यावी लागते." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मग त्यावर वार्षिकासाठी लिहा," एवढेच म्हणाले. तेव्हा या लेखात काही कमीजास्त असल्यास निम्मी जबाबदारी सरांची!

मालिकेचे नाव 'सांकारेआ'. हातोरी मित्सुरू या चित्रकथाकाराची ही कथा २००९ पासून जपानमधल्या एका मासिकात क्रमशः येत होती, ती २०१४ मध्ये संपली. तिचे अकरा खंड झाले. मध्येच, २०१२ साली, 'स्टुडिओ दीन'ने तिच्यावर बारा भागांची अॅनिमे मालिका काढली. सान्का हे नायिकेचे आडनाव आणि रेआ हे नाव; आडनाव आधी लिहायची जपानी रीत असल्यामुळे दोन्ही मिळून मालिकेचे शीर्षक झाले. हे आडनाव ज्या अक्षरचिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ 'फुले उधळणे' असा होतो. बौद्ध विधींत फुले उधळतात त्याला हाच शब्द आहे, आणि युद्धात आलेल्या मरणालाही हाच शब्द वापरला गेला आहे.

कथानक थोडक्यात सांगते. चिहिरो हा एका देवळात राहणाऱ्या कुटुंबातला शाळकरी मुलगा. त्याला झोंबींच्या चित्रपटांचे वेड आहे. वेड इतके की, हाडामांसाच्या जिवंत मुलींकडे हा पठ्ठ्या ढुंकून पाहत नाही. त्याचे लाडके मांजर मोटारीखाली सापडून मरते, तेव्हा एका जुन्या हस्तलिखितावरून तो ते जिवंत करण्याच्या खटपटीला लागतो. त्यासाठी रात्री तो एका पडीक इमारतीत जातो, आणि तिथल्या विहिरीत तोंड घालून एक मुलगी ओरडत असलेली त्याला दिसते. ती रेआ. बड्या घरची, देखणी, आज्ञाधारक. घरात जे कुणाला सांगता येत नाही ते ती विहिरीला सांगते आहे.

तिच्या घरात काय चालले आहे ते लवकरच कळते. तिने कुणाशी बोलायचे, कुठे जायचे हे सारे तिचे वडील ठरवतात. इतकेच नव्हे, तर दर वाढदिवसाला ते तिचे असे फोटो काढतात, जे कोणत्याही बापाने काढू नयेत. सावत्र आईला दिसते सगळे, पण ती दारूच्या पेल्यात डोके घालून बसलेली. चिहिरोने बनवलेले ते द्रव्य रेआ गुपचूप पिते. तिला तशीही जगण्याची आस उरलेली नसते. पुढे वडिलांशी झालेल्या झटापटीत ती कड्यावरून कोसळून मरते, आणि पुन्हा उठून उभी राहते.

आता झोंबी म्हणजे काय, हे इथे थोडे सांगणे भाग आहे. आपल्याकडे भुतांची ददात नाही; हडळ आहे, मुंजा आहे, वेताळ आहे. पण हे सगळे आत्म्याचे खेळ. झोंबीचे उलटे असते. तिथे देह उरतो, आत कोणी नसते. ही कल्पना मूळची हैतीची. त्या बेटावर फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. १८०४ मध्ये तो देश स्वतंत्र झाला, पण लोकांच्या मनात एक भीती राहून गेली : मांत्रिक मेलेल्याला थडग्यातून उठवील आणि पुन्हा कामाला जुंपील. गुलामाला मरणाने तरी सुटका मिळावी, तीही नाही! १९२९ मध्ये सीब्रुक नावाच्या अमेरिकन लेखकाने हैतीवर पुस्तक लिहिले, १९३२ मध्ये तिकडे झोंबीचा चित्रपट निघाला. १९६८ साली जॉर्ज रोमेरोने 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला आणि मुडदे माणसे खाऊ लागले. गंमत म्हणजे त्या चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. चिहिरोच्या मांजराचे नाव बाबू. ते आपल्याकडचे बाबू नव्हे. रोमेरोच्याच १९८५ च्या चित्रपटातल्या एका बऱ्यापैकी सज्जन मुडद्यावरून ते ठेवलेले आहे.

हैतीचा झोंबी म्हणजे इच्छा काढून घेतलेला माणूस. या व्याख्येने रेआ केव्हा झोंबी होती? माझे मत असे की, ती मेली त्याच्या आधी. वडील सांगतील ते नेसायचे, म्हणतील तिथे उभे राहायचे, म्हणतील तसे हसायचे. मेल्यावर ती घरातून निघते आणि चिहिरोच्या घरी राहायला येते. आयुष्यात प्रथमच स्वतःच्या मनाने कपडे निवडते, मनाला येईल तिथे जाते, हट्ट करते, रुसते. नाडी बंद पडल्यावर तिला मन फुटले. झोंबीकथेचा हा अंगरखा मालिकेने असा उलटा करून घातला आहे की, शिलाई सगळी बाहेरून दिसावी.

आणि दुसरी गोष्ट प्रेमाची. जपानच्या सर्वांत जुन्या ग्रंथात, इ. स. ७१२ च्या 'कोजिकी'त, इझानागी आपल्या मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो. माझ्याकडे पाहू नकोस, असे ती बजावते. त्याला राहवत नाही. फणीचा दात पेटवून तो पाहतो, तर तिच्या देहात किडे वळवळत असतात. तो जीव घेऊन पळतो आणि वाटेवर भली मोठी शिळा लोटून देतो. देव असून पळाला! चिहिरो पळत नाही. देह ताठरला तर काय करायचे, उन्हापासून कसा जपायचा, याचा तो विचार करत बसतो. तिला टिकवून धरतात ती हायड्रेंजियाची पाने. जपानात या फुलाला अजिसाई म्हणतात, ते ऐन पावसाळ्यात फुलते. आंबट मातीत निळे होते, एरवी गुलाबी. झाड विषारीच. ज्या विषाने ती पुन्हा उठली त्याच विषावर ती टिकते, आणि ती पाने ती आपण कोथिंबीर खावी तितक्या सहज खाते.

सरांच्या फळ्यावरील कोष्टकाला याने धक्का बसतो का? मला वाटते, बसत नाही. भवभूतीने 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात माधवाला प्रेमापायी स्मशानात पाठवले आहे, नरमांस विकायला. तिथला बीभत्स अंगावर येतो, आणि तिथेच त्याची मालतीशी गाठ पडते. तेव्हा शत्रूंना एका पंगतीला बसवण्याचे कसब आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. फक्त आपण ते परीक्षेपुरते वाचतो.

इथवर मी मालिकेची वकिली केली. पण एका गोष्टीचा राग मला अजून आहे, आणि तो लिहिला नाही तर हा लेख खोटा होईल. रेआचा बाप मुलीकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर विकृत आहे, असे मालिका आपल्याला सांगते. आणि मग तीच मालिका प्रसंगाला गरज नसताना रेआला अशा कोनांतून दाखवते की, कॅमेरा बापाच्या हातून काढून प्रेक्षकाच्या हाती दिला, इतकाच फरक उरावा. ती सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे. वर्गातला एक मित्र म्हणाला, "जपानी मालिकांत हे चालायचेच, तू फार चिकित्सा करतेस." चालायचेच, हे तर त्या घरातले नोकरही म्हणत असतील! सावत्र आई आरिया हिच्या वाट्याला एक सबंध भाग दिला आहे. ती अशी का झाली हे तो भाग दाखवतो. मला तो भाग सगळ्यांत प्रामाणिक वाटला. ज्यांनी तो केला त्यांनाच बाकीचे कसे करवले, हे कोडे मला सुटलेले नाही.

एक खाजगी गोष्ट सांगते. गेल्या वर्षापर्यंत माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण यंदा वर्गात नाही. मे महिन्यात तिचे लग्न झाले. स्थळ चांगले होते, माणसे चांगली आहेत, तिला कोणी दुखावले नाही. फक्त कोणी विचारले नाही. मेंदीच्या रात्री आम्ही तिला विचारले, "तुझ्या एम. ए.चं काय?" ती म्हणाली, "पुढच्या जन्मी बघू गं." आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले, याची मला आता लाज वाटते. रेआलाही पुढचाच जन्म हवा होता, आणि लेखकाने तो तिला बारा भागांपुरता देऊन टाकला. दिवाळीत मैत्रीण माहेरी आली, तेव्हा मी तिला मालिकेचे पहिले दोन भाग दाखवले. विहिरीच्या प्रसंगाला तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला, चित्र थांबवले आणि म्हणाली, "आपल्या होस्टेलमागे होती ना गं अशी एक? बुजवली का?"

नाही बुजवलेली. जाळी बसवली आहे.