तार लपवावी, जोड लपवू नये

ज्यांच्या दारात अजून एखादी पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर उभी आहे, त्या घरच्या मंडळींसाठी या महिन्याचे सदर आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची प्रीमिअर पद्मिनी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीवर आपल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, मुले शिकली. टॅक्सी गेली, पण खासगी पद्मिनी अजून आहेत, आणि आता त्या मुलांनाच अब्बांची गाडी पुन्हा नवी करावीशी वाटते.

रंग होतो, क्रोम चकाकते, गाद्या शिवून होतात. मग बॉनेट उघडले की तारांचे जंजाळ दिसते. तीस-चाळीस वर्षांत कोणी हॉर्न वाढवला, कोणी फॉग लॅम्प लावले, कोणी टेप बसवला. प्रत्येक वेळी नवी तार आली आणि जुनी तशीच लोंबकळत राहिली. साहजिकच मनात येते की हे सगळे झाकून टाकावे.

आमच्या मामूंच्या घरी यावरूनच बाप-लेकांत वाद झाला. मामूंनी आयुष्यभर टॅक्सी चालवली. मामेभावाने परदेशातल्या सजवलेल्या गाड्यांचे फोटो पाहिले होते. तिकडे काही शौकीन इंजिनाभोवतीची एकूण एक तार मडगार्डच्या आत नेतात, बॅटरी डिकीत हलवतात, उरलेली भोके बुजवून रंग देतात. तो म्हणाला, “अब्बा, बॉनेट उघडलं की एकही तार दिसता कामा नये.” मामू म्हणाले, “नको दिसू दे, बेटा. पण रात्री खोपोलीच्या घाटात दिवे गेले, तर हात कुठे घालायचा तेवढं मला सांग.”

आमच्या मते दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. उर्दूत ज्याला सलीका म्हणतात आणि मराठीत नीटनेटकेपणा, तो वेगळा. आणि नजरेआड करणे वेगळे. वायरिंगच्या कामात हा फरक पाळला नाही तर गाडी पेट घेऊ शकते.

थोडे गणित पाहू. जुन्या गाडीत साधारण ६० वॅटचे दोन हॅलोजन बल्ब लावले, तर १२ व्होल्टला मिळून १० अँपिअर प्रवाह लागतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तीन मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०५४ ओहम असतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केले की तारेत सुमारे साडेपाच वॅट उष्णता होते. आता कोणी हौसेने १०० वॅटचे बल्ब बसवले, तर प्रवाह सुमारे १७ अँपिअरवर जातो आणि त्याच तारेत सुमारे १५ वॅट उष्णता होते. प्रवाह दुपटीहून कमी वाढला, उष्णता मात्र जवळजवळ तिप्पट झाली. ती तार मोकळी असेल तर वाऱ्याने थोडी निवते. इतर तारांबरोबर घट्ट गुंडाळून बंद पोकळीत कोंबली, तर उष्णतेला वाट राहत नाही. म्हणून झाकण्याआधी तार पुरेशी जाड आहे ना, हे पाहावे. दिव्यांसाठी रिले बसवावा. मग जड प्रवाह बॅटरीकडून थेट दिव्याला जातो आणि जुन्या स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ भार पडतो.

कामाची सुरुवात बॅटरीपासून करावी. बॉडीला जोडलेली अर्थची तार आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. दुसरे टोक आधी सोडायला गेले आणि पाना बॉडीला टेकला, तर तिथेच शॉर्ट होतो. मग काहीही कापण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि प्रत्येक तारेला कापडी टेपची चिठ्ठी लावून नंबर द्यावा. अॅम्बेसेडर ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली गाडी. तिचे मूळ वायरिंग शाबूत असेल तर ब्रिटिश रंगपद्धत उपयोगी पडते: तपकिरी तार बॅटरीकडून थेट, पांढरी चावी फिरवल्यावर चालू होणारी, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल साइड व टेल लॅम्पची, काळी अर्थची. पद्मिनी मूळची इटालियन फियाट. तिला हा तक्ता लावू नये.

पुढची पायरी तारा निवडण्याची. टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावून कोणती तार कशाची हे पाहावे. जी कशालाच जात नाही ती मुळापासून काढावी. तिचे टोक कापून टेप गुंडाळून ठेवू नये. पसारा आवरण्याचे बरेचसे काम इथेच होते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

उरलेल्या तारांना वाट आखून द्यावी. मडगार्डच्या आतल्या कडेने, इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या वरच्या काठाने, रेडिएटरसमोरच्या पट्टीच्या मागून नेल्या की त्या सहज दिसत नाहीत. सायलेन्सरकडे जाणारा गरम मॅनिफोल्ड, पंखा, स्टीअरिंगचा दांडा आणि अॅक्सिलरेटरच्या कड्या यांपासून त्या लांब असाव्यात. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवाच. नाहीतर पत्र्याची धार रोज थोडे थोडे इन्सुलेशन कापते. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून बॉडीवरून इंजिनाकडे जाणाऱ्या तारेला थोडी ढील ठेवावी. स्पार्क प्लगच्या जाड तारा इतर तारांच्या जुडग्यात बांधू नयेत. त्यांत हजारो व्होल्टचा दाब असतो. गुंडाळायला कापडी हार्नेस टेप किंवा चिरलेला प्लास्टिक पाइप वापरावा. साध्या काळ्या टेपचा गोंद इंजिनाच्या उष्णतेने पातळ होतो आणि टेप सुटते.

आता मामूंच्या प्रश्नाकडे येऊ. तार लपवता येते. जोड, फ्यूज, रिले आणि अर्थचे बोल्ट मात्र हाताला लागतील असेच ठेवावे लागतात, कारण तार मध्येच क्वचित तुटते, बहुतेक बिघाड टोकाला होतो. थिंबल सैल होते, बोल्टखाली गंज चढतो, फ्यूजची पकड ढिली पडते. म्हणून लपलेल्या भागात एकही जोड नसावा. तार कमी पडली तर जोड देण्याऐवजी पूर्ण लांबीची नवी तार टाकावी. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूज आधी तारेचे रक्षण करतो. त्याच्या अलीकडे तार घासली तर तिला वाचवणारे कोणी नसते.

अर्थकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी असते. इंजिन रंगवताना ती काढली आणि परत लावली नाही, किंवा रंगावरच बोल्ट आवळला, तर स्टार्टरचा शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह दुसरी वाट शोधतो. ती वाट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलची असू शकते, आणि त्या बारीक केबली तापून जळतात. तिथला रंग खरवडून लखलखीत पत्र्यावर बोल्ट बसवावा आणि वरून थोडे व्हॅसलीन लावावे.

आणखी एक गोष्ट. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट ही की ती मूळ स्वरूपात असावी. तो विचार असेल तर नवी भोके पाडू नयेत आणि जुनी बुजवू नयेत. जाणकार परीक्षकांनाही मूळ जागी, मूळ क्लिपांत बसलेला हार्नेस पाहायला आवडतो.

मामेभावाने शेवटी तारा कडेने नेल्या आणि फ्यूज व रिले बॅटरीशेजारी एका झाकणाच्या डब्यात बसवले. मामूंनी स्वतः नंबरांसह नकाशा काढून घेतला, एक प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली, एक घरच्या कागदपत्रांत. गाडी पुढे नातवाकडे जाईल किंवा विकली जाईल. जो कोणी बॉनेट उघडेल त्याच्यासाठी तो कागद आहे.

तुमच्या घरी काम झाले असेल तर एक चाचणी जरूर करा. सगळे दिवे लावून इंजिन अर्धा तास चालू ठेवा, मग इंजिन बंद करून जुडग्यांवरून आणि फ्यूजच्या डब्यावरून हात फिरवा. एखादी जागा बाकीच्यांपेक्षा गरम लागली, तर बॉनेट बंद करू नका. तो जोड उघडा, कारण शोधा, मगच गाडी बाहेर काढा.