अद्भुतकथा ही पळवाट नव्हे



गेल्या अंकातील पत्रात एका वाचकाने अद्भुतकथेला ‘पळवाट’ ठरवले आहे. मला ते मुळीच पटत नाही. अद्भुतकथाकार टॉल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधील सोमच्या आघाडीवर संदेशवहन अधिकारी होते. १ जुलैला, लढाईच्या पहिल्याच दिवशी, त्यांचा शाळासोबती रॉब गिल्सन मारला गेला; डिसेंबरात जेफ्री स्मिथही गेला. खंदकांतल्या उवांमुळे होणाऱ्या तापाने टॉल्किन मायदेशी परतले आणि त्या आजारपणातच गोंडोलिन या कल्पित नगरीच्या पाडावाची कथा लिहू लागले. पुढे त्यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत पाण्याखाली मृतांचे चेहरे दिसणारी दलदल आली. सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचे तिच्यावर काही ऋण आहे, हे त्यांनीच एका पत्रात मान्य केले. कादंबरी म्हणजे युद्धाचे रूपक, हे मात्र त्यांनी नाकारले, आणि ते योग्यच. अनुभव झिरपत येतो.

आपल्याकडच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतही तेच दिसते: हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. सत्तावनचा उठाव तेव्हा नुकताच चिरडला गेला होता. त्याच उठावात आमच्या खानदेशालगतच्या सातपुड्यात, अंबापाणीला, खाज्या नाईकांचे भिल्ल एप्रिल १८५८मध्ये इंग्रजी फौजेशी झुंजले होते. राज्य गमावलेल्या समाजाने या कादंबऱ्यांत कल्पित राजवाडे उभारले, त्यात मला तरी हळहळच दिसते. पत्रलेखकांनी या दोन्ही कादंबऱ्या त्यांच्या काळाशेजारी ठेवून एकदा वाचाव्यात, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, अमळनेर