मागे राहिलेल्यांची हकीगत

गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी तरुणपणी नारळाच्या बागायतीचं काम बघत. शाळा फारशी झालेली नाही, सारस्वत घर, लग्न झालेलं. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांना बुद्धाविषयीचा लेख सापडला आणि मन तिथेच अडकलं. (मासिकवाल्यांनी हे वाचून फार फुगून जाऊ नये, तोच लेख वाचून घरीच राहिलेले कितीतरी असतील.)

1899 मध्ये धर्मानंद घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाचा धर्म जिवंत बघायला मिळेल म्हणून नेपाळ गाठलं, तर पदरी निराशाच आली. शेवटी 1902 मध्ये सिंहलद्वीपातल्या, म्हणजे श्रीलंकेतल्या, विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांकडे दीक्षा.

धर्म बदलला म्हटलं की आपण तारीख विचारतो. तारखेत फार थोडं असतं. बाबासाहेब आंबेडकर 1907 मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा 1935 ची, नागपूरची बौद्ध दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. पुस्तक हाती आल्यापासून एकोणपन्नास वर्षं! आणि नागपूरनंतर गावोगावच्या घरांतून देव हलले, ते बहुतेक अख्ख्या वस्तीने मिळून.

एकटा माणूस निघतो तेव्हा मात्र घर मागे राहतं. धर्मानंद गेले, तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी गोव्यात होती. काही वर्षांनी संसार पुन्हा मांडला गेला. मुलगा दामोदर कोसंबी यांचा जन्म 1907 चा. पण ‘निवेदन’ हे आत्मचरित्र धर्मानंदांचं आहे. बाळाबाईंना काय वाटलं, ते आपल्याला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी ही उणीव एकटीने भरून काढली. त्यांचे पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई आधी नातेवाइकांत राहिल्या आणि नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं सोडलं नाही. एकाच संसारात चूल वेगळी, पाणी वेगळं. मग जातपात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडला, उत्तरही त्यांचं त्यांनीच काढलं आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरफटत गेलेली बाई त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात दिसत नाही. दिसते ती भांडणारी, रडणारी आणि स्वतःवर हसणारी. धर्मांतरावर मराठीत इतकं खरं दुसरं पुस्तक नाही, असं आमचं मत आहे.

आज कुणी देव्हारा आवरतो, कुणी विपश्यनेला जातो, कुणी नव्याने वारी धरतो. त्या घरातल्या आईचं, बायकोचं, नवऱ्याचं, मुलांचं काय होतं, ते कुणी लिहीत नाही. वाचकहो, तुमच्या घरी असं काही घडलं असेल, तर बाहेर पडलेल्या माणसाला वगळून उरलेल्यांनी लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.