कायद्याबाहेरचा गुमास्ता

दुकान थाटावयाचे म्हणजे आधी 'गुमास्ता' काढावा लागतो, असे महाराष्ट्रातील व्यापारी सहज बोलून जातात. दुकानाच्या नोंदणीचा तो दाखला. बँकेत चालू खाते उघडतानाही तो पुढे करावा लागतो. गुमास्ता म्हणजे वस्तुतः दुकानातील नोकर. त्याच्या कामाचे तास, सुट्टी व रजा ठरवून देणारा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम १९४८ साली झाला आणि लोक त्याला गुमास्ता कायदा म्हणू लागले. आज ते नाव मालकाच्या कागदाला चिकटून राहिले आहे. नोकर मात्र कायद्याबाहेर गेला आहे.

किराणा दुकानात नव्याने लागलेल्या पोराचा दिवस कसा जातो? सकाळी शटर उचलून झाडलोट करावयाची, दुकानापुढे पाणी शिंपडावयाचे, टेम्पोतून आलेली पोती आत रचावयाची, साखर-डाळीच्या किलो-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरावयाच्या, काट्यावर उभे राहावयाचे, फोनवर आलेली यादी भरून चौथ्या मजल्यावर पोहोचवावयाची आणि रात्री गल्ला मोजून होईपर्यंत थांबावयाचे. दुपारी दोन तास दुकान बंद असले तर तेवढ्यात जेवण आणि डुलकी. पण ते दोन तासही पुष्कळदा गोदामातच जातात. या श्रमास अकुशल म्हणण्याची आपल्या अर्थशास्त्रज्ञांना सवय आहे. तांदूळ मुठीत घेऊन नवा की जुना हे सांगणे, दहा गिऱ्हाइके एकदम बोलत असता कोणाची यादी न चुकवणे आणि कोणाची उधारी कोठवर वाढू द्यावयाची हे मालकाच्या नजरेवरून ओळखणे, हे कौशल्य नव्हे काय? त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, एवढेच.

पूर्वी या कष्टांमागे एक अलिखित करार असे. गावाकडून आलेला मुलगा दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपे, मालकाच्या घरी जेवे, दहा-बारा वर्षे राबे आणि मग मालकच घाऊक व्यापाऱ्याकडे त्याच्याविषयी शब्द टाकी. मालाची उधारी मिळाली की त्याचे स्वतःचे दुकान उभे राही. ही वाट बहुधा जातभाईंसाठीच मोकळी होती, हे विसरता कामा नये; ज्याचा कोणी नातलग गल्ल्यावर नव्हता तो शेवटपर्यंत पोतीच उचलत राहिला. तरीही अल्प पगाराला तेथे भविष्याची काहीएक जोड होती. आज शहरातील गाळ्यांचे भाडे, एका बाजूस सुपरमार्केट आणि दुसऱ्या बाजूस काही मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्या यांच्या कात्रीत खुद्द दुकानदाराचा मुलगा गल्ल्यावर बसावयास तयार नाही. तेथे नोकराने दुकान काढण्याचे स्वप्न पाहावे तरी कशाच्या बळावर? भविष्य गेले आणि अल्प पगार तेवढा उरला.

अशा वेळी कायद्याचा आधार वाढावयास हवा होता. घडले ते उलट. १९४८ च्या कायद्यात दुकानात किती नोकर आहेत याला महत्त्व नव्हते. एकच नोकर असला तरी दिवसाचे नऊ तास, आठवड्याची सुट्टी आणि भरपगारी रजा त्यास लागू होती. अंमलबजावणी ढिली होती, पण नगरपालिकेचा निरीक्षक दारात येऊ शकत होता. २०१७ च्या नव्या अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना केवळ एक सूचनापत्र भरावयास सांगितले आणि बाकीच्या तरतुदींतून मोकळे केले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दहा नोकर कोठून असणार! पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा आणि रोजचे तास नवावरून दहा करण्याचा निर्णय घेतला. भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, ग्रॅच्युइटी यांचे उंबरठेही दहा किंवा वीस असेच आहेत. किमान वेतनास संख्येची अट नाही, हे खरे. परंतु जेथे हजेरीपटच नाही तेथे किमान वेतन मोजावयाचे कशावर?

लहान दुकानापर्यंत शासनाचा हात पोहोचत नाही, असे म्हणावे तर तेही सत्य नाही. २०२२ साली याच अधिनियमात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांवरही मराठी पाटीची सक्ती झाली. पाटीविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. पण दुकानावरील पाटीची लिपी पाहावयास जो निरीक्षक जाऊ शकतो, त्याला पाटीखाली बारा तास उभा असलेला माणूस दिसू नये, याला काय म्हणावे?

येथे आक्षेप येईल की लहान दुकानदार हाही पिचलेलाच आहे. तो स्वतः चौदा तास राबतो. हे मान्य केले पाहिजे. परंतु २०१२ साली बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीस केंद्राने मुभा दिली, तेव्हा विरोध करताना डाव्या व समाजवादी पक्षांनी या दुकानांतील नोकरांच्या पोटाचाही हवाला दिला होता. त्या नोकरांना ना संघटना लाभली, ना त्यांच्या नावाने मोर्चा निघाला. मालकाच्या ढालीवर नोकराचे चित्र काढून लढाई झाली, इतकेच.

वास्तविक उपाय शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. हीच साखरेची पोती घाऊक बाजारात जो हमाल पाठीवर वाहतो, त्यालाही एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि बाबा आढाव यांनी पुण्यात ज्यांना संघटित केले त्या हमालांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालक अनेक आणि नोकर विखुरलेले, ही अडचण त्या कायद्याने मंडळ स्थापून सोडवली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावयाची आणि हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी मंडळाने पाहावयाचे. किराणा बाजार व दुकाने यांच्यासाठी मुंबईत स्वतंत्र मंडळच आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत ओझे वाहण्याबरोबर वजन करणे, भरणे, निवडणे, साफ करणे हीही कामे आहेत, म्हणजे दुकानातील पोराचाच दिनक्रम! तरीही व्यवहारात मंडळाचे छत्र हमालीपुरतेच राहिले. पोते दुकानाच्या पायरीपर्यंत आणणाऱ्याला निधी आहे, ते पायरीवरून आत नेऊन सोडणाऱ्याला नाही.

शहरवार किंवा पेठवार किराणा-कामगार मंडळ काढून प्रत्येक दुकानाकडून पगाराच्या प्रमाणात लेव्ही घेतली, तर एका नोकराच्या दुकानावर त्याचा बोजा फार पडणार नाही आणि नोकराने दुकान बदलले तरी त्याचा निधी त्याच्यामागून जाईल. ज्या सूचनापत्रावर दुकानदार आज सुटतो, तेच या नोंदणीचा आरंभ होऊ शकते; त्यात कामगारांच्या संख्येबरोबर प्रत्येकाचे नाव आणि कामावर लागल्याची तारीख लिहिणे सक्तीचे करावे.