आरोग्यचिंतन : उपचारांच्या जोडीला योगासने

म्हैसूर म्हटले की दसऱ्याची मिरवणूक, चंदन आणि रेशीम यांचे स्मरण होते. योगाभ्यासाच्या अर्वाचीन इतिहासातही या नगरीचे स्थान मोठे आहे. कृष्णराज वडियार महाराजांच्या आश्रयाने टी. कृष्णम्माचार्य यांनी १९३३ साली तेथील जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा सुरू केली. १९३८ सालच्या एका मूक चित्रफितीत आचार्यांसमवेत त्यांच्या पत्नी आणि मुलीही आसने करताना दिसतात.

आचार्यांकडे १९३४ साली त्यांचा एक मेहुणा शिकावयास आला. मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी त्याचे बालपण पोखरले होते. १९३७ साली तो पुण्यास आला आणि पुढे बी. के. एस. अय्यंगार या नावाने जगभर ओळखला गेला. स्वतः आजार भोगलेल्या या गुरूंनी खुर्ची, लोड, दोर आणि भिंत यांच्या आधाराने अशक्त माणसालाही आसन साधेल अशी पद्धत बसविली. देहाला सोसेल असे आसन द्यावे, हा तिचा पाया होय.

कर्करोगाचे निदान झालेल्या भगिनींना नेमका हाच विचार उपयोगी पडतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडतो, केमोथेरपीने मळमळ आणि थकवा येतो, झोप उडते. ‘माझ्यामागे मुलांचे कसे होईल’ ही चिंता तर कोणत्याच गोळीला दाद देत नाही. म्हैसूरच्या शेजारी बंगळूर येथील विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाच्या संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. केमोथेरपी घेत असताना योगाभ्यास करणाऱ्या स्त्रियांना मळमळीचा त्रास कमी झाल्याचे त्यात आढळले. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली स्तनाच्या कर्करोगात चिंता आणि खिन्नता कमी करण्यासाठी योगाची शिफारस मान्य केली.

परंतु वाचकहो, येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. योगाने त्रास हलका होतो. गाठ विरघळत नाही. शस्त्रक्रियेच्या भीतीने काही भगिनी रुग्णालयाकडे पाठ फिरवितात आणि केवळ आसने, काढे यांवर विसंबतात. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांना मृत्यूचा धोका पाचपटींहून अधिक असल्याचे दिसून आले. तेव्हा प्रथम डॉक्टर, आणि त्यांच्या जोडीला योग, हाच क्रम राखावा.

अभ्यासाचा आरंभ डॉक्टरांच्या संमतीने आणि जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली करावा. जखम भरेपर्यंत हात ताणू नये. पुढे भिंतीवर बोटे हळूहळू वर सरकवीत खांदा मोकळा करावा. काखेतील गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येते काय, याकडे लक्ष असावे. त्या हातावर एकाएकी शरीराचा भार टाकू नये. रोग हाडांत पसरला असेल तर पाठीला पीळ देणारी आणि खोल वाकण्याची आसने वर्ज्य समजावीत. ताप असेल त्या दिवशी विश्रांतीच घ्यावी. श्वास कोंडून धरू नये. अगदीच गळून गेल्यासारखे वाटेल तेव्हा डोक्याखाली आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन शवासनात पडावे व संथ श्वास घ्यावा. तोही अभ्यासच आहे.

शेवटी एक शब्द घरातील मंडळींसाठी. आपल्या घरांत गृहिणी सर्वांची ताटे वाढून मग स्वतःकडे पाहते. गाठ हाताला लागूनही ‘मुलीचे लग्न होऊ दे, मग दाखवू’ म्हणून कित्येकींनी मोलाचे महिने गमावले आहेत. निदानानंतरही ती चुलीपाशीच अडकली तर औषधाच्या वेळा चुकतील आणि आसनाला सवड सापडणार नाही. म्हणून रोज सकाळी अर्धा तास सतरंजी अंथरून द्यावी, दार लोटून घ्यावे आणि तेवढा वेळ चहाची जबाबदारी घरातील पुरुषांनी उचलावी. तो अर्धा तास तिचा हक्काचा आहे.