मूल म्हणजे सातबारा नव्हे



आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आता लंडनला, लेस्टरला नांदतात. तिथेही संसार मोडतात. मोडायला लागला की इकडून फोनवर पहिला सल्ला ठरलेला, "लेकराला उचल आणि माहेरी निघून ये." सांगणारी मायेनेच सांगते. पण हा सल्ला त्या मुलीला गुन्हेगार ठरवू शकतो. १६ वर्षांखालच्या मुलाला वडिलांच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा तिथे १९८४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सख्खी आई म्हणून सूट नाही.

ऐकायला कठोर वाटतं. तरी मला हा कायदा बरोबर वाटतो, आणि का ते सांगते. मी बी.कॉम., वकील नव्हे, पण शब्दांवरून हिशेब कळतो. आपण 'ताबा' म्हणतो. ताबा जमिनीचा असतो, दुकानाच्या गाळ्याचा असतो. इंग्लंडने १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये 'कस्टडी' शब्दच काढून टाकला. मूल कोणाकडे राहणार आणि कोणाला भेटणार, असे दोन आदेश आणले. त्यातही "माझ्याकडे राहतं, तुला फक्त भेट" अशी हार-जीत व्हायला लागली, म्हणून २०१४ साली तेही शब्द गेले. आता एकच, 'चाइल्ड अरेंजमेंट्स ऑर्डर', म्हणजे मुलाची व्यवस्था. आई-बापाच्या हक्काऐवजी 'जबाबदारी' म्हणतात, आणि लग्नातल्या बापाची ती घटस्फोटाने संपत नाही. कोर्ट मुलाचं हित सगळ्यात आधी बघतं. मुलाला स्वतःला काय वाटतं, हेही त्याच्या वयाच्या समजुतीप्रमाणे विचारात घेतात. आपल्याकडे कोण विचारतं हो? आपल्या जैनांनाही लागू असलेल्या १९५६ च्या कायद्यात हिताची गोष्ट आहे, पण नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचं नाव, मग आईचं.

मूल आईकडे राहील असा आदेश असला, तर ती त्याला एका महिन्याच्या आत परत येण्याच्या बोलीवर बाहेर नेऊ शकते. मात्र पळवून नेलेल्या मुलांबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे भारताचं नाव निघालं की तिथले न्यायाधीश जास्त सावध होतात. म्हणून आदेश नसेल तर पर्युषणाला येतानाही बापाची लेखी संमती घ्यावी. तोंडी 'हो'वर विसंबू नये.

दुसरा सल्ला, "पैसे देत नाही ना, मग पोर दाखवू नकोस." हेही चालत नाही. पोटगीचा हिशेब वेगळा, भेटीचा वेगळा. एक गंमत बघा, मूल वर्षातल्या निदान ५२ रात्री बापाकडे झोपलं तर सरकारी सूत्राने त्याची रक्कम कमी होते. मग एकेका रात्रीवरून भांडणं होतात!

मारहाण असेल तिथे मात्र मी 'जुळवून घे' म्हणणार नाही. तिथेही वाट विमानतळाची नाही, तिथल्या पोलिसांची आणि कोर्टाची आहे. कोर्ट बापाची भेट कोणाच्या देखरेखीखाली ठेवू शकतं, नुसत्या पत्रांवरही आणू शकतं.

आणि आपण आज्या? आजी-आजोबांना तिथे आपोआप काही हक्क नाही. नातवाला भेटण्यासाठी अर्ज करायचा, तर आधी अर्ज करायचीच परवानगी कोर्टाकडून घ्यावी लागते. मला हे खटकतं. बाळंतपणाला सहा-सहा महिने राहून ज्या आजीने त्याला मालिश केलं, ती कायद्यापुढे जवळजवळ परकी. पण म्हणून सुनेशी बोलणं तोडून कसं चालेल? मुलाचं पटत नसलं तरी तिच्याशी आपलं बोलणं चालू ठेवावं. दोघं व्यवस्था ठरवायला बसतील तेव्हा रविवारी सकाळचा आजीचा व्हिडिओ कॉलही त्यात लिहायला सांगा, भारतातली वेळ घालून.