कुत्र्याचा विमा उतरवावा का?

मयूर विहारच्या एखाद्या फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉरचे पिल्लू आले की पट्टा, वाटी, गादी यांची खरेदी हौसेने होते. विमा आठवतो तो पावसाळ्यात गोचिडांचा ताप येऊन सलाइन लावायची वेळ आल्यावर. पण आधीपासूनच्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही आणि पॉलिसीच्या सुरुवातीच्या काही दिवसांतले आजारपणही सहसा धरत नाही.

सरकारी कंपन्या कुत्र्याचा विमा पूर्वीपासून उतरवत आल्या आहेत, पण त्यात भर मृत्यूच्या भरपाईवर. बजाज आलियान्झने २०२० मध्ये शस्त्रक्रिया व हॉस्पिटलचा खर्च देणारी पॉलिसी आणली. तरी लशी, जंतांचे औषध, केस-नखे कापणे हा नेहमीचा खर्च बहुधा मालकाच्याच खिशातून जातो. लस टोचायची राहिली आणि त्याच रोगाने, समजा पार्व्होने, गाठले तर दावा नामंजूर होऊ शकतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक कलम आवर्जून वाचावे. कुत्रा लिफ्टमध्ये कुणाला चावला, तर त्या माणसाला द्यावी लागणारी भरपाई पॉलिसीत आहे का? तरुण, धडधाकट, मोठ्या जातीच्या कुत्र्यासाठी एवढ्या एका कलमाकरिताही हप्ता भरायला हरकत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र कंपन्या नव्याने सहसा घेत नाहीत. त्याच्या नावाने दरमहा रिकरिंग खात्यात पैसे टाकावेत. महापालिकेची नोंदणी, विमा असो वा नसो, करावीच लागते आणि तिथे रेबीजच्या लशीचा दाखला मागतात.